माहेरी राहिलेल्या नवमीची कहाणी

ऐका सटवाईमाय, जन्म लिहिणारे, तुमची कहाणी.

नदीच्या अलीकडं एक आटपाट नगर होतं. तिथं राघो तांबट राहत होता, त्याची बायको आवडा. दिवस नेहमीसारखा होता. राघो हंड्याला ठोके देत होता, आवडा सुपात तांदूळ निवडीत होती. तोच नदीपलीकडचा माणूस दारी आला. पलीकडं त्यांची एकुलती लेक चिमा दिली होती. लेकीची गोड बातमीच असणार, असं आवडाला वाटलं. त्यानं तोंड उघडायच्या आधी तिनं त्याच्या हातावर गूळ ठेवला. माणूस गूळ धरून उभा राहिला. मग म्हणाला, "मावशी, चिमावहिनी गेल्या. तीन दिवस ताप होता." आवडा म्हणाली, "गूळ खा की."

मग दहावं पलीकडं झालं, तेरावं पलीकडं झालं. दिलेली लेक, तिचं सगळं सासरच्यांनी करायचं. पुढं पौषातली शुद्ध नवमी आली. ती चिमाची जन्मतिथ. दर नवमीला चिमा माहेरी यायची, पाटावर बसायची. आवडा तिला ओवाळायची, गूळ आणि पांढरे तीळ घातलेल्या दुधाची वाटी हाती द्यायची, "उदंड आयुष्याची हो" म्हणायची. त्या वर्षी तिनं काही केलं नाही. दूध चुलीवर ठेवलं, उतरवलं, पुन्हा ठेवलं. दिवस कसा तो सरेचना.

मग वर्षश्राद्ध झालं, तेही पलीकडंच. पुन्हा पौष आला. आवडानं मनाशी म्हटलं, नवमी करावी की करू नये, कुणाला तरी विचारावं.

मग ती जोशीबुवांकडं गेली. जोशीबुवा म्हणाले, "बाई, माणूस गेलं की जन्माची तिथ संपली. आता मरणाची तेवढी धरायची."

मग ती नावेनं पलीकडं गेली. विहीणबाई पाणी भरीत होत्या. म्हणाल्या, "पान वाढलं, कावळा शिवला. आम्ही कशात कमी केलं नाही हो. आता तुमचं काय राहिलं?" आवडा म्हणाली, "मरण तुमच्या घरी झालं विहीणबाई, पण जन्म माझ्या घरी झाला. त्याचं काय करू?" विहीणबाई घागर घेऊन आत गेल्या.

मग तिनं राघोला विचारलं, "अहो, करू का?" राघो म्हणाला, "कर. नको करू. मला काय विचारतेस?" हंड्याला एक ठोका देऊन म्हणाला, "एकोणिसावं लागलं असतं का विसावं?" तेही दोघांना सांगता येईना.

नवमीला आवडानं पाट मांडला, दूध तापवलं. डब्यात दोन पुड्या होत्या. पांढरे तीळ वाढदिवसाचे, काळे पितरांचे. कुठले घालावे? ती दोन्ही पुड्या घेऊन बसून राहिली.

तोच दारी एक म्हातारी आली. बोटांना शाई लागलेली.

"बाई, बाई, पाट कुणाचा?"

"लेकीचा."

"लेक कुठं आहे?"

"नाही."

"मग ओवाळणार कुणाला?"

"तेच कळत नाही. तुम्ही कोण?"

"मी पाचवीला येते, कपाळी लिहून जाते."

आवडा उठून उभी राहिली. "मग माझ्या चिमाचं एवढंच का लिहिलंस, सटवे?"

म्हातारी बोटांकडं बघत म्हणाली, "लिहिते मी. वाचता येत नाही मला."

मग आवडा रडली. म्हातारी उंबऱ्यावर टेकली. मग म्हणाली, "बाई, नवमीचा वसा घे. पाट मांड, दिवा लाव. चिमाला ओळखणारं माणूस बोलाव. त्यानं तिची एक गोष्ट सांगावी, ते दूध त्यानं प्यावं. कळेल तेवढं कर, न कळेल ते कळत नाही म्हण. पण दिवस सोडू नकोस."

"आणि तीळ?"

"हाताला येतील ते."

"आणि वाटी देताना? उदंड आयुष्याची हो, असं कसं म्हणू? मग काय म्हणू?"

म्हातारीनं तोंड उघडलं. पण आवडा डोळे पुसून बघते, तर दारात कुणी नाही.

मग आवडानं दोन्ही तीळ मिसळले. राघोला हाक मारली. तो येऊन बसला, चिमानं लहानपणी हंड्यात लपून कसा गोंधळ घातला ते त्यानं सांगितलं, दूध प्याला. लेक गेल्यापासून पहिल्यांदा त्याच्या तोंडी लेकीचं नाव आलं.

तिसऱ्या पौषात नाव अलीकडं लागली. विहीणबाई न बोलावता आल्या, दारातच उभ्या राहिल्या. आवडानं त्यांना बसवलं. दुधाचा घोट घेऊन त्या म्हणाल्या, "गूळ फार झाला. चिमाला कमी लागायचा."

"छे हो! तिला भारी गोड लागायचं. वरून खडा मागून घ्यायची."

"आमच्याकडं तर कमीच म्हणायची."

सासरी मागायला लाजली का? का आवडच बदलली होती? आवडाला कळेना, विहिणीलाही कळेना. विहीणबाई हळूच म्हणाल्या, "मी कधी विचारलं नाही." आणि वाटी रिकामी केली. पुढच्या नवमीलाही त्या आल्या.

जशी आवडाला आपल्या माणसाचं नाव घ्यायला सोबत मिळाली, तशी तुम्हांआम्हां सगळ्यांना मिळो. साठां उत्तरांची ही कहाणी पाचां उत्तरांत सांगून झाली. वाटी देताना काय म्हणायचं, ते मात्र अजून ठरवायचं राहिलं आहे.