अण्णासाहेबांचं करमुक्त बिल

अण्णासाहेब वडगावकर म्हणजे शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. त्यांच्यापुढे ब्र काढायची पेठेत कुणाची टाप नव्हती. सत्कारासाठी त्यांनी कलावती कासारणीच्या दुकानातून पंचवीस समया घेतल्या. कलावतीनं नेहमीसारखं बिल केलं. वर समयांची किंमत, खाली वेगळ्या ओळीत कर आणि तळाशी बेरीज.

अण्णासाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "दुसरं लिही. बिलावर कर कुठेही दिसता कामा नये! नाहीतर संस्थेची खरेदी आजपासून बंद."

आता आली का पंचाईत! ऐकलं नाही तर मोठं गिऱ्हाईक जाणार आणि ऐकलं तर करखात्याची नोटीस दारात येणार. कलावतीनं जरा विचार केला आणि मुकाट्यानं दुसरं बिल लिहून दिलं.

ते वाचून अण्णासाहेब कडाडले, "अण्णासाहेब वडगाव? मी काय एसटीचा थांबा आहे?"

"कर कुठेही नको म्हणालात ना? म्हणून नावातलासुद्धा काढला."

"माझ्या नावाला कर लागलाच पाहिजे!"

"लावते की!" पहिलं बिल पुढे सरकवत कलावती म्हणाली, "पण कर नुसता नावाला लावून भागत नाही, अण्णासाहेब. समयांनाही लावावा लागतो."