शाहिराची अडलेली ओळ

“मग माझे शब्द गेले कुठं, वस्ताद? सांगा ना!”

तुळशीराम शाहिरानं डफ म्हाताऱ्या धर्माजी वस्तादांच्या पुढ्यात आदळला. तरुणपणी याच ओसरीवर त्यांनी तो त्याच्या हाती दिला होता. आज तो कायमचा परत करायला आला होता.

“झालं काय?”

“काल जत्रेत पोवाडा रंगात आला होता. तलवार आठवली, रक्त आठवलं, मरण आठवलं. पण ते... वार अडवायला हातात धरतात ते...”

“ढाल.”

“ढाल! पोराटोरांना येणारा शब्द! आणि मी ततपप करत उभा. लोक म्हणाले, ढोसून आलाय. थेंबाला शिवलो नव्हतो मी!”

त्याचा संताप खराच होता. पावसाळा सरल्यापासून त्याचं मन कशातच लागत नव्हतं. तालुक्याचा डॉक्टर म्हणाला, हे नैराश्य आहे, शब्दही त्यानंच अडतात, गोळ्या घे, धीर धर. गाव म्हणालं, सगळी नाटकं. डॉक्टरच्या गोळ्या तो निमूट गिळत होता. गावाचं बोलणं काही गिळवत नव्हतं.

“दिवा म्हटलं की?” वस्तादांनी एकदम विचारलं.

“विझला.”

“वाट?”

“चुकली.”

“घर?”

“खायला उठतं.”

“हे बरे पटापट येतात.”

“हेच येतात!” तुळशीराम कडाडला. “रात्रंदिवस हेच! आणि तुम्हाला गंमत वाटते?”

“शब्दांची गुरं एकाच वाटेला लागलीत, दुसरं काय... अडलास तेव्हा तुझे झीलकरी काय करत होते?”

झीलकरी म्हणजे शाहिराच्या मागं उभं राहून ‘जी रं जी जी’ असा सूर धरणारे साथीदार.

“धरत होते की झील. मीच हात वर करून गप्प केलं. शाहीर अडलाय, हे लोकांना कशाला कळायला हवं?”

...

वस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांनी डफ उचलून पुन्हा त्याच्या हातात दिला. ज्यांच्या मागं उभं राहायला मिळावं म्हणून नावाजलेले शाहीर धडपडत, ते तुळशीरामच्या मागं जाऊन उभे राहिले. कानावर हात ठेवला.

“जी रं जी जी...”

तुळशीरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “थट्टा करता माझी? मी अजून ओळच म्हटली नाही!”

“जी रं जी जी...” सूर थरथरत होता, पण सुटत नव्हता.

“अहो, शब्दच नाहीत माझ्याकडं! किती वेळ उभे राहाल असे?”

वस्तादांनी दम घेतला.

“तू हुडक सावकाश. झील मी धरलीय.”