चंद्रीआजीचं पान

“लढाई कोणती, एवढंच सांगा बुवा. मग मी चाललो.”

हैबतराव खलाट्यांनी फेट्याच्या शेमल्यात बांधलेलं पदक सोडलं आणि बुवांसमोर धरलं. धरलं म्हणजे लांबूनच. जवळ नेलं तर कोणी हिसकावून घेईल, अशा धास्तीनं.

बुवा मठाच्या ओट्यावर बसून चिंचेच्या चोथ्यानं पितळेचा तांब्या घासत होते. त्यांनी नुसती मान वर केली.

“काय आहे हे? गुळाचा खडा?”

“चांदीचं पदक आहे, बुवा! आमच्या आजोबांचं.”

“चांदी दिसत नाही कुठं.”

“कशी दिसेल? दर दसऱ्याला त्याची पूजा होते. हळद, कुंकू, तूप. आमच्या घरात ते धुवायची रीत नाही.”

“बरं...”

“तालुक्याच्या सराफाला दाखवलं. मोडी वाचणाऱ्या मास्तरांना दाखवलं. सगळे म्हणतात, आधी धुऊन आणा. धुवा म्हणे! देव का धुतो कोणी?”

“रोज धुतात,” बुवा म्हणाले आणि पुन्हा तांब्या घासू लागले.

हैबतराव जरा गडबडले. पण ते मुद्दा सोडणाऱ्यातले नव्हते. मांडी ठोकून ते ओट्यावर बसले.

“माझं म्हणणं, आजोबांना हे लढाईत मिळालं. आमचा धाकटा भाऊ संपत म्हणतो, कुस्तीत मिळालं. स्वतः तालमीत लोळतो ना, म्हणून! देवळात चार माणसांदेखत ठरलंय. लढाईचं निघालं तर पदक माझ्याकडे, कुस्तीचं निघालं तर त्याच्याकडे.”

“तोवर?”

“तोवर बोलणं बंद. वाटण्या झाल्या तेव्हापासून बंदच आहे. माडी माझ्याकडे आली, गोठा त्याच्याकडे गेला. मधल्या भिंतीत एक दार होतं, तेही मी बुजवून घेतलं.”

बुवांनी तांब्या फिरवून दुसऱ्या बाजूनं घासायला घेतला.

“लढाईचा पुरावा आहे माझ्याकडे,” हैबतराव पुढे सरकले. “आजोबांची पहिली बायको, चंद्राबाई. आम्ही चंद्रीआजी म्हणतो. आजोबा सारखे म्हणायचे, चंद्रीमुळे या घरात चांदी आली. म्हणजे लढाईला निघताना तिनंच ओवाळलं असणार.”

“तू पाहिलंस तिला?”

“छे हो. फार आधी गेली. आजोबा म्हणायचे, काळीभोर होती, पण गुणाची. तिचं नाव निघालं की म्हातारपणीसुद्धा डोळे पुसायचे. आमची आजी मात्र नाक मुरडायची. म्हणायची, माझ्यापेक्षा यांचा जीव तिच्यावर.”

“असं होतं खरं...”

“नवऱ्याच्या आधी गेली, म्हणून दर वर्षी अविधवा नवमीला मी तिचं पान मांडतो. खीर, वडे, सगळं. संपत मांडतो का? विचारा त्याला! माझ्या थोरल्या मुलीचं नावसुद्धा मी चंद्रिका ठेवलंय.”

बुवांनी हात पुढे केला. “आण इकडे.”

बुवा अंतर्ज्ञानानं सांगणार, या विचारानं हैबतरावांनी पदक त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि डोळे मिटले.

खसखस आवाज आला म्हणून त्यांनी डोळे उघडले. बुवा चिंचेच्या त्याच चोथ्यानं पदक घासत होते.

“बुवा! अहो बुवा! पूजेतलं आहे ते!”

“तांब्याही पूजेतलाच आहे.”

लाल पाणी ओट्यावरून ओघळलं. मग चांदीची एक कड चमकली. हैबतराव ओरडायचे थांबले आणि वाकून पाहू लागले.

“काहीतरी दिसतंय! शिंगं... शिंगं आहेत बुवा! शिंगांचं शिरस्त्राण! मी म्हणत नव्हतो? योद्धा आहे!”

बुवा घासत राहिले.

“योद्ध्याचे कान मोठे आहेत,” ते म्हणाले.

“कारागिराची चूक असेल.”

“चार पाय आहेत.”

“घोडा! घोड्यावर बसलेला योद्धा!”

“आणि पोटाखाली हे काय?”

हैबतरावांनी नाक पदकाला लावलं.

“...ढाल.”

“चार सडांची?”

हैबतरावांनी नाक मागे घेतलं.

बुवांनी पदक पालथं केलं, शेजारच्या बादलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि त्यांच्या हातात दिलं. मागची अक्षरं ठसठशीत होती. हैबतरावांनी ती एकेक करून मोठ्यानं वाचली.

“गुरांचे प्रदर्शन. पहिला नंबर. म्हैस... चंद्री.”

मठामागच्या तळ्यावर एक टिटवी ओरडून गेली.

“काळीभोर,” हैबतराव पुटपुटले.

“पण गुणाची,” बुवा म्हणाले.

हैबतरावांनी इकडे तिकडे पाहिलं. तुळशीवृंदावनात कुंकवाचा करंडा होता. त्यांनी तो उचलला, बोटभर कुंकू घेतलं... आणि बोट तसंच अधांतरी राहिलं.

“पुन्हा माखलं तर कोणाला कळणार नाही,” ते हळूच म्हणाले.

“नाही कळणार.”

“मग माखू?”

“माख की. तिला सवय आहे.”

हैबतरावांनी बोटावरचं कुंकू पुसलं. कुठं पुसावं ते न सुचून स्वतःच्याच कपाळाला पुसलं. कपाळ चांगलंच माखलं, पण त्यांच्या ते ध्यानात आलं नाही.

“लढाई नाही. कुस्तीही नाही. मग हे पदक कोणाचं, बुवा? माझं, का संपतचं?”

“जिचं आहे तिचं नाव वाचलंस ना आत्ता?”

हैबतरावांनी मान खाली घातली. अंगठ्यानं ते त्या चांदीच्या म्हशीची पाठ चोळत राहिले. आजोबा चोळत असतील तशी.

“आजोबा म्हणायचे,” ते थोड्या वेळानं म्हणाले, “एका साली दुष्काळ पडला तेव्हा घरातली सगळी पोरं चंद्रीनं जगवली. आमचा बापही त्यात होता. आम्हाला वाटायचं, चंद्रीआजी स्वतः उपाशी राहून पोरांना वाढत असेल...”

बुवांनी तांब्या उन्हात पालथा ठेवला.

“परवा अविधवा नवमी आहे, बुवा. यंदा तिचं पान... मांडू का नको?”

“इतकी वर्षं जेवली ना?”

“जेवली.”

“मग मांड. फक्त थोडी वैरण वाढ. बिचारी किती वर्षं वडे खातेय.”

“वैरण?” हैबतराव चपापले. “माझ्याकडे कुठली वैरण? गोठा संपतकडे आहे.”

बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या कुंकवानं माखलेल्या कपाळाकडे पाहिलं.

“मग ऊठ. मागून आण.”