सुधन्वाचा सेन्सरचा तक्ता

सांगलीच्या छायाचित्र मंडळाचा सुधन्वा कोरे आठ महिने कॅमेरा घ्यायचा म्हणून मिररलेस कॅमेऱ्यांच्या लहान-मोठ्या सेन्सरची, म्हणजे आतल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपची, तुलना करत होता. तेवढ्यात शेजाऱ्याचं लग्न ठरून पारही पडलं, याचा कॅमेरा काही ठरेना. मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब मगदूम मोठ्या सेन्सरचे भक्त. लहान सेन्सरवाले त्यांच्या खिजगणतीतही नसत.

वार्षिक स्पर्धेत सभासद शोभाताईंनी टिपलेला खंड्या पक्षी पाहून अण्णासाहेब "वा" म्हणाले. मग विचारलं, "सेन्सर कोणता?" लहान आहे असं शोभाताईंनी म्हणताच अण्णासाहेबांनी नकारार्थी मान हलवली. "तरीच. फोटोत दम नाही." आणि ते सुधन्वाकडे वळले. "तुझा फोटो कुठाय? यंदा फोटो नाही, तर सभासदत्व नाही."

सुधन्वानं पिशवीतून तुलनेचा भलामोठा तक्ता काढून टेबलावर पसरला.

"अण्णासाहेब, फोटो पाहून तुम्ही वा म्हणालात आणि सेन्सर ऐकून शब्द मागे घेतलात. म्हणजे इथं मार्क सेन्सरला. मग पहिला नंबर माझाच की. एवढे सेन्सर दुसऱ्या कुणी आणलेत? आणि निकालात अडथळा नको म्हणून फोटो एकही आणलेला नाही."

सभागृह हसलं, अण्णासाहेबांनाही हसू आवरेना. पहिलं बक्षीस खंड्याला गेलं. सुधन्वाचं सभासदत्व टिकलं, आणि घरी गेल्यावर त्यानं तक्त्यात आणखी एक रकाना वाढवला.