टेकाडावरून नेलेला पाइप

“मग पाणी जातं कुठं, माई?”

त्रिंबकनं पुन्हा तेच विचारलं.

चिमणामाई वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“वर झऱ्याच्या कुंडीतून पाणी उतू जातंय. खाली मठाच्या दारात तोटी कोरडी. उघडली की नुसती खोकते. म्हणजे मधे कोणीतरी पितंय...”

“कोण?”

“तुम्ही हो म्हणा. नाव मी उद्या पंचांसमोर सांगतो.”

माईंनी वात पुरी केली. तबकात ठेवली.

मठ लहानसा, दत्ताचा, डोंगराच्या पायथ्याशी. झरा वर, त्रिंबकच्या वडिलोपार्जित रानात. त्या झऱ्याच्या पाण्यानंच पादुकांना रोज स्नान घालायचं, हा माईंचा नेम. घागर घेऊन त्या स्वतः चढत. माघात पाय घसरला, गुडघा सुजला, तरी नेम मोडला नाही. तेव्हा त्रिंबकनं पादुकांवर हात ठेवून शब्द दिला होता, की अक्षय्य तृतीयेपासून माई डोंगर चढणार नाहीत. पाणीच त्यांच्याकडे उतरून येईल.

अक्षय्य तृतीया उद्यावर आली होती. घागर अजून उंबऱ्यापाशीच होती.

“पाइपातच काही खोट असेल,” माई म्हणाल्या.

त्रिंबकला ते लागलं. तो उठला आणि कोपऱ्यातले तीन तुकडे आणून त्यानं माईंपुढे मांडले.

“पाइप मी डोळे मिटून नाही घेतला, माई. हा बघा करडा, कडक. स्वस्त आणि हलका. पण दर वीस फुटांना एक सांधा. जितके सांधे तितकी चोराला दारं. सोडला.”

“बरं.”

“हा लोखंडी. मजबूत, पण आटे पिळून जोडलेला. ज्याच्याकडे पाना आहे तो आटे सोडवणार. सोडला.”

“आणि हा काळा?”

“हा वेटोळ्याचा. लांबच लांब, मधे जोड नाही. जिथं जोड आलाच, तिथं तापवून एकजीव केलेला. त्यातही सगळ्यात जाड घेतला. दुकानदारावर भरवसा नव्हता, म्हणून नखानं खरवडून पाहिला, तुकडा जाळून वास घेतला. गाव बाजाराला गेलं की मी एकटा चर खणायचो. गुडघ्याच्या वर खोल. कुठून नेलाय ते कोणाला माहीत नाही.”

त्याच्या आवाजात अभिमान होता. असायलाच हवा. त्याचा जन्म सरकारी धान्याच्या गोदामावर गेला होता. कुलूप लावायचं, ओढून बघायचं, थोडं पुढं जाऊन परत यायचं आणि पुन्हा ओढायचं. नोकरी संपली, तो मठात आला. हाताची सवय हातातच राहिली.

“निवडताना काय पाहिलंस?” माईंनी विचारलं.

“चोर शिरणार नाही, हे.”

“आणि पाणी?”

“पाणी काय?”

“ते शिरेल, हे पाहिलंस?”

त्रिंबक हसला.

“झरा वर, मठ खाली. पाण्याला उतार कोणी शिकवावा लागतो का, माई?”

“सरळ उतारानं आणलास?”

“...नाही. सरळ आणला असता तर वाटेवरच्या ठमाबाईच्या बांधातून आला असता. म्हणून वळसा घातला. तिच्या घरामागच्या टेकाडावरून चढवून पलीकडे उतरवला. टेकाड झऱ्यापेक्षा खालीच आहे, पाणी चढतं. दुकानदार म्हणाला, टेकाडाच्या माथ्यावर हवेसाठी एक तोटी ठेवा. मी बरा ऐकेन! एवढा बिनजोडाचा पाइप घेऊन मीच त्याला भोक ठेवू? आणि तेही ठमाबाईच्या दारात?”

“ठमाबाईनं तुझं काय घेतलं?”

“तिचा लिंब बघा. भर उन्हाळ्यात झाडाला कोवळी पालवी. आमची झाडं करपली आणि तिचा लिंब हसतोय. कुठलं पाणी ते?”

“ते होय... ते मी घालते.”

“तुम्ही?”

“उतरताना गुडघा दुखतो. लिंबाच्या सावलीत टेकते. ठमा घागर उतरवून घेते. मग ओंजळभर त्यालाही देते. ज्याच्या सावलीला बसायचं त्याला तोंड ओलं करायला नको?”

त्रिंबकचं मन मानेना. ओंजळभर पाण्यानं एवढी पालवी फुटते होय?

तेवढ्यात ठमाबाईच आली. पदरात बेलाची पानं. शेळ्या बाहेर कुंपणाशी सोडल्या होत्या.

“माई, उद्याला बेल आनलाय. कवळा हाय.” तिनं पानं तबकात ओतली आणि त्रिंबककडे वळली. “तिरमकदादा, तुमच्या पाइपाला काय झालंय वो? सारखं गुडगुडतंय टेकाडात. ओला घास खाऊन शेळी फुगावी तसं.”

त्रिंबक ताठ झाला.

“तुला कसं कळलं, पाइप टेकाडातून गेलाय?”

“आता बया!”

“सांग ना. मी कोणाला सांगितलं नव्हतं.”

“उकरल्याली माती आंधळ्याला बी दिसंल. वर तुमी दगडं मांडल्यात वळीनं, जशी काय देवाची पालखी जायाचीय तिथनं. माझी करडं त्या दगडांवर उड्या मारत्यात.”

माई हसल्या. त्रिंबक हसला नाही.

“बघितलंत, माई? हिला सगळं ठाऊक आहे...”

ठमाबाईच्या लक्षात आलं. चेहरा उतरला. तिनं पदर झटकला.

“दादा, मला पानी चोरायचं असतं तर माईंच्या घागरीतनंच नसतं का घेतलं? रोज माझ्या हातात असती ती.”

ती गेली नाही. दाराशी उभी राहिली.

गाभाऱ्यात नंदादीपाची समई फडफडली. ज्योत निळी झाली आणि बसू लागली.

“त्रिंबक, दिव्यात तेल घाल,” माई म्हणाल्या. “अखंड आहे, विझायला नको.”

तेलाचा नवा डबा त्रिंबकनंच सकाळी फोडला होता. एका कोपऱ्याला बारीक भोक, आणि त्यात चिंधीचा बोळा घट्ट कोंबलेला. मुंग्या शिरू नयेत म्हणून, आणि हातही शिरू नये म्हणून.

त्यानं बोळा उपसला. डबा समईवर कलता केला.

तेल भसकन आलं... आणि अडलं. डबा आतल्या आत गुडगुडला. दोन थेंब पडले. पुन्हा अडलं. त्रिंबकनं डबा हलवला, आणखी वाकडा केला. तेल भलतीकडेच उडालं, पादुकांच्या चौथऱ्यावर.

ज्योत वाटाण्याएवढी उरली.

“माई, भरलेला डबा आहे... येतच नाही.”

“कोणी मधे पीत असेल,” माई म्हणाल्या.

त्यांनी हात टेकून उठायचा यत्न केला. गुडघ्यानं नाही म्हटलं. ठमाबाईनं पुढं होऊन त्यांना धरलं. माईंनी खुंटीखालचा मोठा खिळा घेतला, उदबत्तीच्या घराशेजारचा दगड घेतला.

“माई, आणखी एक भोक?” त्रिंबक म्हणाला. “सगळं तेल...”

माईंनी डब्याच्या दुसऱ्या कोपऱ्यावर खिळा धरला. एकच ठोका.

सूं... असा आवाज आला.

आणि पहिल्या भोकातून तेल आलं. शांत, एकसारखं, वातीसारखं सरळ. समई भरली. ज्योत उठून उभी राहिली.

त्रिंबक डबा धरूनच बसला होता. तो डब्याकडे पाहत होता, मग दाराबाहेर, टेकाडाकडे.

“शेळी फुगावी तसं... हवेला वाटच नाही,” तो स्वतःशीच म्हणाला.

माई पुन्हा वाती वळायला बसल्या.

त्यानं कुदळ घेतली, गिरमिट घेतलं, मठातल्या अडगळीतली एक जुनी छोटी तोटी घेतली. ठमाबाई मागोमाग गेली.

टेकाडाच्या माथ्यावर त्यानं स्वतःचे दगड स्वतःच बाजूला केले. पाइप उघडा केला. एवढा पारखून घेतलेला, कुठं ओरखडा नसलेला पाइप. गिरमिट टेकवताना हात थांबला...

“दाबा की,” ठमाबाई म्हणाली. “फुगल्याल्या शेळीचं पोट दुखतंय.”

त्यानं दाबलं.

आधी वारा सुटला, कितीतरी वेळ. मग थुंकी उडाली. मग पाण्याची बारीक धार उठली आणि दोघांच्याही तोंडावर आली. ठमाबाई खळखळून हसली. त्रिंबकनं भिजत भिजतच तोटी भोकात पिळून बसवली, बंद केली, आणि उताराला लागला. या वयात कोणी धावू नये तसा धावला.

मठाच्या दारात तोटी वाहत होती.

माई तिच्याखाली दोन्ही हात धरून बसल्या होत्या. घागर भरून उतू चालली होती, तरी त्यांनी ती बाजूला केली नव्हती.

त्रिंबकनं माईंच्या पायावर डोकं ठेवलं. माईंचे ओले हात त्याच्या पाठीवर आले.

“आता उद्या तुम्हाला चढायचं नाही, माई.”

“नाही रे.”

तो थोडा वेळ धारेकडे पाहत राहिला. मग जुनी सवय वर आली.

“एक काळजी आहे, माई. हवा पुन्हा धरेल. वरची तोटी अधूनमधून उघडावी लागेल, म्हणजे ती तिथं राहणार. उघड्यावर. येणारा-जाणारा हात घालणार.” त्यानं आवाज खाली आणला. ठमाबाई टेकाडावरून शेळ्या वळवत उतरत होती. “मी त्या तोटीला लोखंडी पेटी करतो. वर माझं गोदामाचं कुलूप लावतो. चालेल?”

“लाव,” माई म्हणाल्या. “चांगलं मोठं लाव.”

त्रिंबकच्या जिवाला बरं वाटलं.

“आणि त्रिंबक...”

“माई?”

“किल्ली ठमाकडे दे.”