मशीनभाऊंच्या गोधड्या

मुलांनो, अंगणाखाली पुरलेली संडासाची टाकी बोलू लागली, तर काय म्हणेल बरं?

फार पूर्वी, गावात धुण्याचं मशीन नवंनवं आलं होतं तेव्हा, कोकणातल्या इंदुताईंच्या घरची टाकी खरंच बोलली. गणपतीचे पाहुणे दुसऱ्याच दिवशी यायचे होते आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. तरी न्हाणीघरातल्या मशीनमध्ये घरातल्या गोधड्या कोंबलेल्या होत्या. त्याचं पाणी मोरीतून टाकीतच जाई.

“मशीनभाऊ, आज नको रे,” टाकी म्हणाली. “आजूबाजूची माती चिंब झालीय, माझं पाणी मुरतच नाही. आणखी ओतलंस तर मोरीतून सगळं वर येईल. ऐन सणात घरात घाण!”

“तुझं बरं आहे! अंधारात पडून राहायचं आणि कुरकुर करायची,” असं म्हणून मशीन घरघरू लागलं.

टाकीने बरंच पाणी गिळलं. मग मोरीत गुडगुड झालं आणि काळं पाणी वर येऊन मशीनच्या पायांना लागलं.

“अगं आई गं! घे ना आत!” मशीन किंचाळलं.

“कुठे घेऊ? तुझ्या गोधडीत?”

इंदुताई धावत आल्या. त्यांनी मशीन बंद केलं आणि घरात बजावलं, “पाऊस ओसरेपर्यंत मोरीत पाणी ओतायचं नाही. आंघोळीसुद्धा नकोत!” मुलं आनंदाने नाचली. संध्याकाळी पाऊस थांबला आणि टाकीतलं पाणी हळूहळू मुरू लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरी कोरडी होती, आणि पाहुणे आले तेव्हा अर्धवट धुतलेल्या गोधड्या पडवीत निथळत होत्या.