उतरलेले तांबे

एकदा एका खाडीच्या मुखाशी एक वृद्ध मिस्त्री राहत होता. पैलतीरी माणसे नेणाऱ्या लाँचचे इंजिन त्याच्या देखरेखीखाली चाले. त्याच्याकडे एक पदविकाधारक शिष्य शिकत होता, आणि अलीकडे तो गुरूला पुरता वैतागला होता.

निमित्त होते तेलाचे. एका व्यापाऱ्याने लाँचच्या मालकाला नवे इंजिन-तेल देऊ केले होते. ते इंजिनाला मानवते की नाही, हे मिस्त्रीने ठरवायचे होते. हे तेल भरून, मध्ये न बदलता दर आठवड्याला त्याचा नमुना काढायचा आणि शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायचा, असे ठरले. तेलात जितके लोखंड-तांबे उतरेल, तितकी इंजिनाची झीज.

शिष्याने थंड इंजिनातून नमुना काढला, तर मिस्त्रीने तो ओतून दिला. "गाळ तळाशी बसलाय. इंजिन गरम असताना काढ." पुन्हा काढला, तोही गेला. "सरबताची बाटली? साखर तपासायचीय का?"

अखेर नीट नमुने गेले. पहिल्या अहवालात तांबे दहा लाख भागांत वीस आले, दुसऱ्यात एकतीस, तिसऱ्यात चौदा.

व्यापारी पेढे घेऊन धक्क्यावर हजर झाला. "बघा काका, आमच्या तेलाने इंजिन सुधारलं!"

मिस्त्रीने अहवाल वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "लाँच थांबव. इंजिनाचा तळ खोल."

शिष्याचा संयम सुटला. "एकतीस आले तेव्हा म्हणालात, चालू दे, लक्ष ठेव. आता चौदा आले, तर खोल! साठ माणसं तिकिटं काढून उभी आहेत. त्यांना काय सांगू? आकडा चांगला आला म्हणून फेरी रद्द?"

"हो, तेच सांग."

दात-ओठ खात शिष्याने तळ खोलला. बेअरिंगवरचा पांढऱ्या धातूचा थर झिजून खालचे तांबे उघडे पडले होते. इंजिन फार तर आणखी दोन-चार फेऱ्या तगले असते. भर ओहोटीत, खाडीच्या मुखाशी ते बंद पडते, तर लाँच सरळ समुद्रात ओढली गेली असती.

"रोज तेल किती भरतोस?" मिस्त्रीने विचारले.

"कमी होईल तेवढं. सकाळी उदबत्ती लावली की खुणेपर्यंत भरतो. आधी लिटरभर लागायचं, या आठवड्यात तीन-तीन लिटर लागलं."

"आणि नमुना?"

"त्यानंतरच." तो ओशाळला. "एवढंसं काय सांगायचं, असं वाटलं."

व्यापारी चाचरला. "म्हणजे तेल वाईट?"

"ते मला अजून कळलेलं नाही, शेठ. यानं तेलाला बोलूच दिलं नाही." मिस्त्री शिष्याकडे वळला. "एकदा झिजून तेलात आलेलं तांबं परत बेअरिंगला जाऊन चिकटत नाही. आकडा वाढला, तर कारण शोधता येतं. आपोआप उतरला, तर कुणीतरी वरून ताजं ओतलंय. आमची ही डॉक्टरकडे जाताना चांगलं लुगडं नेसायची, हसून बोलायची. डॉक्टर म्हणायचे, तब्येत सुधारतेय. मलाही ते ऐकायला बरं वाटायचं. मी कधी विचारलं नाही, मी लाँचवर असताना घरी कशी असतेस."

व्यापाऱ्याने पेढ्यांचा पुडा मिटला.

शिष्य हात पुसून धक्क्यावर गेला. रांगेतला एकजण ओरडला, "काल तर ठणठणीत होती की लाँच! आज काय झालं?"

"कालही आजारीच होती," शिष्य म्हणाला. "मीच तिला बरी दाखवत होतो."